नानांनी रिकामी ठेवलेली चौकट

नाना आठवीच्या वर्गावर निघाले की हजेरीपटाखाली चित्रकथांची पुस्तके असत. ऐंशीच्या दशकाअखेरची गोष्ट. यावलच्या आमच्या शाळेत दप्तरात असे पुस्तक सापडले की ते जप्त होई. नाना ती जप्त पुस्तकेच मराठीच्या तासाला वाटीत आणि विचारीत, "यातला दुष्ट दर वेळी काळाच का रे? कोणी ठरवलं हे?"

मी तेव्हा चित्रकलेचा नवा शिक्षक होतो. कोणाच्या नजरेला नजर देण्याचाही मला संकोच वाटे. सातपुड्यातल्या आदिवासी पाड्याविषयी एक चित्रकथा काढून दे, असे नानांनी सांगितले. दोन दिवसांत मी काढलीही. कमरेला पाने, डोक्यावर पिसे, शेकोटीभोवती नाच.

"भाऊ, तू कधी पाड्यावर गयथा का?" धुळ्याकडचे नाना माझ्याशी बोलताना अधूनमधून अहिराणीत शिरत.

"नाही. पण मला माहीत आहे ना."

"तुले बठ्ठं माहीत शे. देखेल मात्र काहीच नही."

चित्रकथेची पाने त्यांनी माझ्यासमोरच वर्गात लावली आणि खोटे काय ते शोधायला सांगितले. पाड्यावरून येऊन वसतिगृहात राहणारी रेमली उठली. "सर, माझा बाप शर्ट घालतो. रावेरला केळीचे घड भरायला जातो. ही पिसं उपटली ती कोंबडी कोणाची?"

वर्ग हसला. मी हातातल्या खडूकडे पाहत राहिलो. पण दुसऱ्या दिवसापासून पोरे तिलाच 'पिसंवाली' म्हणू लागली, आणि ती मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर येईनाशी झाली.

"चित्र तुझं, टोमणा तिला," नाना एवढेच म्हणाले. "रविवारी तिच्या घरी जाऊ. पहिले देख, मंग काढ."

मी होकार दिला. रविवारी बसस्थानकासमोरच्या सायकलच्या दुकानाआड उभा राहिलो. तिच्या बापासमोर कोणत्या तोंडाने बसावे, हे सुचेना. नानांनी माझ्यासाठी एक बस सोडली. दुसरीने ते एकटेच गेले.

सोमवारी म्हणाले, "तिच्या बापाने तुझ्यासाठी भाकर झाकून ठेवली होती."

"मला ताप होता, नाना."

"मंग आते उतरना का?"

पुन्हा तो विषय त्यांनी कधीच काढला नाही. रेमली मात्र दिवाळीनंतर शाळेत परतली नाही.

निवृत्तीनंतर नाना धुळ्याला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. भेटायला गेलो तेव्हा अक्कांनी, त्यांच्या पत्नीने, एक वही माझ्या हातात ठेवली. पोरांच्या वेड्यावाकड्या रेषांत तीच चित्रकथा नव्याने काढली होती. शर्ट घातलेला बाप, केळीचा ट्रक, कंदिलाशी अभ्यास करणारी मुलगी. शेवटची चौकट कोरी होती. तिच्याखाली नानांचे अक्षर : 'रेमलीचे घर. चित्रकलेचे सर काढतील.'

आता मीही निवृत्त आहे. हात अजून कापत नाही. कितीदा पेन्सिल टोक करून बसतो. पण त्या घराचे दार कोणत्या दिशेला आहे, तेच मला ठाऊक नाही.