पारोशीसाठी गरम पाणी

माझं पोट लहानपणापासून हट्टी. कधी चार-चार दिवस गप्प बसणार, मग असं फुगणार आणि कळा काढणार की साडीच्या निऱ्या सैल कराव्या लागायच्या. माहेरी ते निभावलं. आई उठल्या उठल्या तांब्याभर गरम पाणी द्यायची, मी अंगणात फेऱ्या मारायचे आणि कुणी घाई करायचं नाही. नव्वद-एक्क्याण्णवला लग्न होऊन पंचवटीत आले आणि माझी पंचाईत झाली.

सासरी संडास एकच, पण त्याचं काही नाही. गोम होती सोवळ्यात. पारोशानं, म्हणजे आंघोळ न करता, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. आंघोळ संडासला जाऊन आल्यावरच करायची. आधी केली तर पुन्हा करा, आणि बंबातलं पाणी तर सगळ्यांना पुरवायचं. आता माझं बघा. गरम पाणी पोटात गेल्याशिवाय पोट हलत नाही. पोट हललं नाही तर आंघोळ नाही. आंघोळ नाही तर स्वयंपाकघर नाही, आणि गॅस तर तिथेच. बंबातलं का नाही प्यायलीस, असं विचारू नका. त्याला राखेचा वास यायचा.

नवऱ्याची सिन्नरच्या कारखान्याची बस पहाटेच यायची. त्याचा चहा-डबा माझ्याकडे. मग मी संडासात जाऊन जरा वेळ बसायचे, बादलीभर पाणी ओतायचे आणि बाहेर यायचे. पाण्याचा आवाज झाला की सगळ्यांना वाटायचं, झालं हिचं. दिवसभर मात्र पोटात दगड घेऊन फिरायचे.

शेवटी नवऱ्यानं गंगापूर रोडला एका डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाले, "आतडं चिडकं आहे. हे सांभाळून घ्यायचं दुखणं. इसबगोल घ्या, पाणी भरपूर प्या, सकाळी काहीतरी गरम घ्या आणि निवांत बसा. मनानं रोज जुलाबाच्या गोळ्या घेऊ नका."

"चिडकं? मालकिणीवर गेलंय," नवरा बाहेर आल्यावर म्हणाला. मलाही हसू आलं. पण रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "इसबगोल दुकानात मिळेल. निवांत कुठून आणू?"

"आईला मी सांगू?"

"नको. माझं मी सांगते."

रविवारी सासूबाई आणि मी मेथी निवडत बसलो होतो. मी एका दमात सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले ते, आणि बादली ओतून बाहेर येते तेही. "आई, मला आंघोळीआधी गरम पाणी लागतं हो."

त्यांचा हात थांबला. "या घरात पारोशानं कधी गॅस पेटवलेला नाही," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. मला असा राग आला की काय सांगू! सगळा मेथीवर काढला. निम्मी देठं भाजीतच गेली.

दुसऱ्या दिवशी उठून पाहते तर सासूबाईंची आंघोळ झालेली, केस ओले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडे पाटावर पेला ठेवलेला, त्यातून वाफ येत होती.

"आत येऊ नकोस. तिथेच बसून पी. चहा-डब्याचं मी बघते," त्या गॅसपाशी उभ्या राहून म्हणाल्या. नियम जिथल्या तिथे होता. फक्त त्या माझ्याआधी उठल्या होत्या.

पाणी पिऊन मी संडासात गेले. थोड्या वेळानं बाहेर सासरे खाकरले. पाठोपाठ सासूबाईंचा आवाज आला. "अहो, आज शेजारी जाऊन या."

"मी? या वयात लोकांच्या दारात?"

"हो. उद्याही तिकडेच जा. तिला घाई करायची नाही."

आत बसल्या बसल्या मला रडू फुटलं. पोट काही त्या दिवशी साफ झालं नाही. बाहेर आले, हातपाय धुतले आणि उंबऱ्याशी उभी राहून सांगितलं, "आई, आज नाही झालं."

"उद्या होईल," त्या म्हणाल्या आणि चहा गाळायला लागल्या.