कार्डावरचा काळू

माझ्या आजीने अकराव्या वर्षी एक जिवंत माणूस मारला.

नुसतं एक नाव वाचून.

मनुआजी काल गेली. माझ्या आईची आत्या. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, गेल्या दिवाळीत. म्हणाली होती, "मी हाओ तोवर कोनाले सांगू नको."

म्हणून आज लिहितोय.

तिला भेटला असाल तर तिचं बोलणं आठवत असेल. केळीला केयी. डाळीला डाय. पुरणपोयी, दिवायी, देऊयगाव. आम्ही पुण्यात वाढलेली नातवंडं तिला करेक्ट करायचो. तिच्या व्हॉइस नोट फॅमिली ग्रुपवर टाकून हसायचो.

"लोनार नाही गं आजी, लोणार!"

"हाव, तेच ते."

आम्हाला वाटायचं तिला जमतच नाही. पण लहानपणी तिच्याएवढा स्वच्छ ळ अख्ख्या गावात कुणाला येत नव्हता. तिचे वडील शाळामास्तर, बाहेरून बदलून आलेले. त्यांनी तिच्याकडून घोटून घेतलेला. तिला त्याचा फार तोरा होता.

मग तिने तो सोडला.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात. नांदुऱ्यापासून सात कोसांवरच्या त्या गावातून दोन पोरं पलटणीत गेली होती. एक गिरजामायचा काळू. दुसरा शेजारच्या अम्माचा कालू. अम्मा म्हणजे कापूस पिंजणारी मुसलमान बाई, विधवा. दोघी आयांना एकेकच मुलगा.

गाव काळूला कायू म्हणायचं आणि कालूला कालू. बोलताना कधीच घोटाळा झाला नाही.

घोटाळा कागदावर झाला.

एका सकाळी पोस्टाचं कार्ड आलं. इंग्रजीत. कुठल्याशा लष्करी दवाखान्यातून. मास्तर त्या दिवशी नांदुऱ्याला गेलेले. गावात इंग्रजी अक्षरं लागणारी दुसरी एकच. मनु.

तिला पारावर उभी केली.

गावाचं नाव चुकीचं. बुलढाण्याचं स्पेलिंग तेव्हाचं, 'बुलडाना'. त्याखाली मेल्याचा शब्द, तो तिला ठाऊक होता. आणि नाव. बापाचं नाव नाही, आडनाव नाही.

के, ए, एल, यू.

आजी मला म्हणाली, "मले दोन्ही नावं दिसले बाप्पा. पन सगये माह्याकडं पाहून राह्यले होते. मले माहा ळ दाखवाचा होता."

तिने खणखणीत वाचलं. "काळू."

गिरजामाय जागेवरच बसली.

रात्री वडिलांनी विचारलं, "नाव नक्की काय होतं?"

"काळू," आजी म्हणाली. कार्ड तोपर्यंत गिरजामायच्या पेटीत गेलं होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. दुपार कलली तरी नाही. कावळे होते, पण सगळे अम्माच्या घराच्या मातीच्या धाब्यावर ओळीने बसलेले. गप्प. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

अम्मा रोज दुपारी गिरजामायजवळ येऊन बसायची. तिचे पाय चेपायची. एकदा घरी जाताना तिने मनुला थांबवलं आणि हसत हसत म्हणाली,

"बेटी, रोज शाम कू कोई दरवाजे पे 'अम्मा' बोलता. मैं दरवाजा खोली तो कोई नहीं. मेरा कालू भी ऐसीच मस्ती करता था."

आजीला कार्डावरचं दुसरं नाव आठवलं.

चार महिने तिने ते कुणाला सांगितलं नाही. दिवेलागणीला अम्माच्या घरावरून जायचं टाळायची. अम्मा मात्र रोज दार उघडायची, बाहेर बघायची, "मस्ती मत कर" म्हणायची आणि लावून घ्यायची.

मग एका दुपारी काळू चालत आला. हाडांचा सापळा, एक पाय ओढत.

गिरजामायने त्याला पाहिलं आणि दार आतून लावलं.

"माय, मी आलो वो. दार उघड ना."

आतून ती म्हणाली, "तुहं दहावं केलं, तेरावं केलं. आता काऊन आला बाप्पा? काय राह्यलं तुहं?"

आजी म्हणाली, असा आवाज तिने पुन्हा कधी ऐकला नाही. रडत नव्हती गिरजामाय. समजूत घालत होती. त्याने परत जावं म्हणून.

काळू उंबऱ्यावर कोसळला. गाव जमलं. कुणीतरी विचारलं, "मंग कालू कुठी हाय?"

त्याने मान खाली घातली. "त्याले मी माह्या हातानं माती देल्ली."

अम्मा गर्दीतच होती. ती रडली नाही. तिने फक्त मनुकडे पाहिलं.

संध्याकाळी, गिरजामायने दाराच्या फटीतून सरकवलेलं कार्ड घेऊन ती मास्तरांच्या घरी आली.

"बेटी, फिर से पढ. मेरे बच्चे का नाम ले."

आजीने वाचलं. "कालू."

"जोर से."

"कालू."

अम्मा म्हणाली, "चार महीने मेरा बच्चा दरवाजे पे खडा था. मैं बोली, मस्ती मत कर."

त्या संध्याकाळी ती दार सताड उघडं ठेवून बसली. हाक आली नाही. नंतरही कधी आली नाही.

गिरजामायने काळूला तिसऱ्या दिवशी घरात घेतलं. पण गावातल्या म्हाताऱ्या त्याला पाणी देताना आधी त्याची सावली बघायच्या, पुढे कित्येक वर्षं. तो अम्माकडे पिंजायला शिकला. तिथेच जास्त असायचा.

मी आजीला विचारलं, "अम्मा तुला काही बोलली?"

"नाही रे. माह्या लग्नाची गादी तिनंच भरून देल्ली. पैसे नाही घेतले."

मग म्हणाली, "त्या गादीवर मले एक दिवस झोप नाही लागली."

मनुआजी, आता स्वस्थ झोप.

आम्हा सगळ्यांचा तुला शेवटचा नमस्कार.