थर स्थिर आहे असे मानू

माझ्या प्रबंधातलं पहिलंच वाक्य धादांत खोटं आहे. त्यावर मला पदवी मिळाली, पुढे नोकरीही मिळाली. ओलं बी गरम हवेत वाळताना उष्णता आत कशी जाते आणि ओल बाहेर कशी पडते, त्याचं गणित त्यात मांडलं आहे. रासायनिक अभियांत्रिकीत याला वहनाचा अभ्यास म्हणतात. नाव मोठं, लक्षण खोटं.

गणित मुळात माझ्या गाईडचं. मुंबईतल्या पंख्याखाली बसून हा गृहस्थ ज्वारीचे सगळे दाणे गोल मानायचा, सारखे मानायचा आणि वाऱ्याला आज्ञाधारक मानायचा. पावसाळ्यात स्वतःचे मोजे वाळवता न येणारा माणूस. पण त्यानं फळ्यावर समीकरण लिहिलं की आम्ही माना डोलवायचो, आणि सगळ्यांत जोरात मी.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. जालन्यात संकरित ज्वारीचं बियाणं तयार करणारा एक कारखाना होता. तिथं ओलं बी अंगणात पसरून दहा बाया दिवसभर पायांनी खालीवर करत. शेठला बाया नको होत्या. त्याला खालून गरम हवा सोडणारी मोठी लोखंडी पेटी हवी होती, आणि तिच्यात बी किती उंच भरायचं ते माझ्या गणितानं सांगायचं होतं. सुट्टीत मी गावी, वडीगोद्रीला घरी होतो, सकाळच्या एसटीनं जालन्याला जायचो. एसटीत शेजारी बसेल त्याला ‘संशोधन करतोय’ म्हणून सांगायचो. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

चाचणीसाठी लाकडी पेटी केली होती. तळाला जाळी, बाजूला भट्टी आणि पंखा. दर तासाला वरचं, मधलं, तळाचं बी काढून ओल मोजायची. मदतीला त्या दहाजणींची मुकादम असलेली मावशी दिली होती. ती दाणा दाताखाली धरून ओल सांगायची, आणि माझा तराजू घटकाभरानं तेच सांगायचा. मला त्याचा रागच यायचा.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, “साहेब, हलवायचं न्हाई का?”

“नाही. थर स्थिर आहे असं मानायचं.”

“मानायचं म्हंजी?”

“गणितासाठी तसं धरायचं. असो वा नसो.”

मावशी बौद्ध. दीक्षा घेतल्यावर तिच्या घरातले देव नदीत गेले होते. ती पदराआड हसली. “आमी देव मानायचं सोडलं, अन् तुमी ज्वारी मानून राह्यलात.”

आकडे मात्र असे आले की काय सांगू! समीकरणाची रेघ आणि माझे ठिपके बराबर एकावर एक. गाईडचं पत्र आलं, “मानलं तुला.” ते पत्र मी खिशात घालून फिरत होतो.

शेवटच्या आठवड्यात चहाला निघालो आणि वही राहिली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. मावशी पेटीत कोपरापर्यंत हात घालून बी खालीवर करत होती.

“हे काय?”

“तळाचं करपून राह्यलं, अन् वरचं वल्लं ते वल्लंच. बी हाय साहेब ते, कुणाच्या तरी वावरात जाणार. बघवंना मला.”

“कधीपासून चाललंय हे?”

“पहिल्या दिसापासून. तुमी चहाला गेले की.”

म्हणजे माझे ठिपके तिच्या हातांचे होते. न हलवता तेवढा थर वाळतच नव्हता. हे तिला माझ्या आधी कळलं होतं. “मंग एवढं लिहा की,” ती म्हणाली, “पेटीलाबी बाया लागत्यात. दहा घरं हायेत यावर. माझी पोरगी औरंगाबादला कॉलेजात हाय.”

“लिहितो,” मी म्हणालो. मनात होतंही. माझी लायकी एवढीच की ते मुंबईपर्यंत टिकलं. गाईड म्हणाला, “रेघ जुळते ना? मग त्या बाईचं कशाला काढतोस?” प्रबंध द्यायला महिना उरला होता. पुन्हा सगळं मोजायचं तर वर्ष गेलं असतं. मी शेपूट घातलं आणि ‘थर स्थिर आहे’ हे पहिलं वाक्य तसंच राहू दिलं.

पुढच्या हंगामात लोखंडी पेटी आली आणि दहाही बायांना घरी बसवलं. पहिल्याच खेपेला बी तळाशी भाजलं, वर बुरशी चढली. शेठनं मला बोलावून घेतलं. हवेच्या दाबाबद्दल काहीतरी थाप मारायची तयारी करून मी गेलो, पण त्याआधीच शेठनं तोड काढली होती. दहातली एक बाई परत आणली होती. पेटीत पोटरीपर्यंत गरम बियात उभी राहून मावशी एकटी फावड्यानं थर उलटत होती.

“बघा,” शेठ खुशीत म्हणाला, “आता बिलकुल तुमच्या कागदासारखं वाळतंय.”

तो गेल्यावर मी विचारलं, “पोरगी?”

“आली घरी. मधी कामच न्हाई, तर कॉलेजाचा खर्चा कुठून करू?”

“मावशी, मी लिहायला पाहिजे होतं.”

तिनं कपाळावरचा घाम पुसला, फावडं पुन्हा बियात घातलं.

“मी हितं न्हाईच असं माना, साहेब. म्हंजी बराबर येतंय तुमचं.”