कुशीवर वळलेला गर्डर

लोखंडावर बोटाच्या पेराने तीनदा टकटक करायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि जाहीर करायचं, "यावर हत्ती उभा करा!" उज्जैनला फ्रीगंजमधल्या ज्या ऑफिसात मी पहिली नोकरी धरली, तिथल्या आमच्या साहेबांचं इंजिनिअरिंग एवढंच होतं. बाकी सगळा रुबाब.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पूर्वज दरबारात कारकून. सांगणं मात्र असं, की अर्धं शहर त्यांनीच उभारलं. "आकडे घाबरटांसाठी असतात, बेटा," म्हणत साहेब माझे गणिताचे कागद ओढून त्यांवर पोह्यांची बशी ठेवत.

नानाखेड्याजवळच्या एका मंगल कार्यालयावर मजला चढवायचं काम आलं. लांबलचक लोखंडी गर्डर, त्यांवर स्लॅब. गर्डरांना मधे एकमेकांशी जोडणारे आडवे तुकडे मी नकाशात दाखवले होते. मालकांना ते खुपले. खालून छत मोकळं दिसायला हवं होतं. साहेबांनी त्यांच्यासमोरच लाल पेनने सगळे तुकडे खोडले.

मी स्टीलची फूटपट्टी दोन वह्यांवर कडेवर उभी धरली आणि वरून दाबली. ती मोडली नाही; अंग पिळून कुशीवर पडली. "सर, गर्डरही असाच जातो. वरचा काठ बाजूने धरून ठेवायला हवा, निदान स्लॅब पक्का होईपर्यंत तरी."

"फूटपट्टी पतली असते. हे लोखंड आहे," साहेब म्हणाले. मालक हसले. मालकांना हसवण्यात साहेब पटाईत होते.

स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी सकाळी सळ्यांचे गठ्ठे गर्डरांवर चढले. वर पाच मजूर. अचानक वेल्डर ओरडला, "साहब, बीचवाला करवट ले रहा है!"

साहेबांनी सवयीने हात उचलला. पण गर्डर डोक्यावर बारा फूट. टकटक करणार कशावर?

गर्डर खरंच पिळत होता. चौघे धडाधड उतरले. पाचवी एक मजूर बाई होती. ती शेजारच्या गर्डरला मिठी मारून बसली, उतरेचना. आणि ज्यांना मी कधी स्टुलावरही चढताना पाहिलं नव्हतं, ते साहेब शिडी चढले. "आ जा बेटा, पाँव यहाँ रख," असं म्हणत तिचा एकेक पाय हाताने पायरीवर टेकवत त्यांनी तिला खाली आणलं. दोघं दारापर्यंत पोचले आणि मधला गर्डर पुरता आडवा झाला. गठ्ठे खाली कोसळले.

इथेच थांबले, तर तुम्ही त्यांना थोर म्हणाल. घाई करू नका. दहा मिनिटांत मालक आले. "गलती किसकी?" आणि घामाने निथळणाऱ्या आमच्या थोर साहेबांनी माझ्याकडे बोट केलं, "नक्शा इसने बनाया था."

मी घरी निघून आले.

चौथ्या दिवशी वेल्डरचा फोन आला. साहेब तो खोडलेला नकाशा घेऊन मालकांकडे गेले होते. म्हणाले, "लाल लकीरें मेरी हैं. लड़की ने मना किया था." मालकांनी काम त्यांच्याकडून काढून मला दिलं. मी पिळलेला गर्डर बदलला आणि सगळ्या गर्डरांना आडव्या तुकड्यांनी बोल्ट लावून जखडलं.

साहेबांनी माझी माफी मागितली नाही. खरं बोलायला तीन दिवस का लागले, हेही सांगितलं नाही. मीही माझा राग सोडला नाही. तो कामाला उपयोगी पडत होता.

वर्षभराने त्यांचा फोन आला. "त्याच हॉलमध्ये नातीचं लग्न आहे. वर दोनशे जण नाचले तर चालेल ना?"

त्यांनी कुणाला खरोखरचा प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. टोमणा जिभेवर तयार होता. पण मी नकाशा काढला, गणित पुन्हा केलं आणि अर्ध्या तासाने फोन लावला. "नाचू द्या, सर."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले, तेव्हा मी देवासला साइटवर होते. जाणं झालं नाही. आठवतात ते त्या लग्नातलेच. वरून ढोलाचा आवाज येत होता आणि साहेब जिन्याच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, "बिनधास्त जाओ, मॅडम ने देखा है." स्वतः मात्र हलत नव्हते. शेवटी नातीने हात धरून ओढलं. तेव्हा त्यांनी बूट काढले, आणि झोपलेल्या घरात शिरावं तसे हलकी पावलं टाकत वर गेले.