बायकांच्या रांगेत

समस्त ख्रिस्ती जगताला गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, लूथरन आणि मोराव्हियन या दोन प्रोटेस्टंट पंथांच्या चर्चची पूर्ण सहभागिता झाली, प्रभुभोजन एक, पाळकही एकमेकांचे चालतात, पण कॉफीत दूध किती घालावं याचा निकाल अजून लागलेला नाही. परवा मोराव्हियन लोक चर्चमध्ये वाटतात तसल्या दुधाळ कॉफीचा वास आला आणि पेनसिल्व्हेनियातली एक दुपार आठवली. आमच्या लूथरन मंडळीतल्या एका आजोबांची बायको गेली होती. ती जन्मानं मोराव्हियन, म्हणून माहेरच्या कबरस्तानात दफन होतं. तिथल्या मंडळीला तेव्हा पाळक नव्हता, म्हणून आमच्याच पाळकबाई आल्या. आजोबा गाडीत मला म्हणाले, "बरं झालं, दोन्ही चर्चं एक झाली. आता मलाही तिच्या शेजारी जागा मिळेल." कबरस्तानात ओलं गवत आणि त्यात सपाट, एकसारखे पांढरे दगड. प्रार्थना संपली, तसे आजोबा कबरीशेजारच्या मोकळ्या जागेवर जाऊन उभे राहिले, माप घेतल्यासारखे. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हळूच त्यांचा हात धरला. "तुम्हालाही जागा आहे हो, पण पलीकडे. आमच्यात बायका बायकांच्या रांगेत, पुरुष पुरुषांच्या. नवरा-बायको शेजारी नसतात." आजोबांनी पाळकबाईंकडे पाहिलं. पाळकबाईंनी होकारार्थी मान हलवली. तसे आजोबा मोठ्यांदा म्हणाले, "अहो, पण ती झोपेत पांघरूण फेकून देते! मग तिच्या अंगावर घालणार कोण?"