रोहण्याची अन्नपूर्णा

१९५५च्या उन्हाळ्यात आर्वीचे रामाजी शिंपी दुपारी जेवायला घरी आले, तर दार सताड उघडं, चुलीवर भात करपलेला आणि बायको जिजाबाई कुठंच नाही. वर्षभरापासून तिला विसर पडत होता. भाजीत मीठ दोनदा पडायचं, शेजारणीला ती सासू समजायची. पण एकटी कधी घराबाहेर पडली नव्हती.

देऊळ, बाजार पालथा घालून रामाजी ठाण्यात गेले. जमादार रूपरावांनी पहिलं विचारलं, "भांडण झालतं काय?"

"नाई जी."

"माहेरी कोन हाये?"

"कोनीच नाई राह्यलं."

मग शिपाई रामाजींच्याच घरी आले. कोठी उघडली, गोठा पाहिला, परसातल्या विहिरीत गळ सोडला. शेजारी जमले. रामाजींना कळेना, बायको हरवली म्हणून सांगितलं, तर हे आपल्याच घरात काय धुंडाळताहेत? गळ वर येऊ लागला तसे ते विहिरीच्या काठाशी धावले. गळाला गंजकी बादली लागली होती.

दुसऱ्या दिवशी रामाजी ठाण्यात बसले असताना जवळच्या रोहणा गावचा कोतवाल तिथं आला. एक म्हातारी छोट्या रेल्वेगाडीतून उतरून गावातल्या सुलोचनाबाईंच्या घराच्या ओट्यावर बसली आहे, उठत नाही, नाव अन्नपूर्णा सांगते, म्हणाला.

"मंग ते दुसरी कोनी," शिपाई म्हणाला.

रामाजीही हताश होऊन निघाले, पण दारातच थबकले. "जमादारसाहेब, लगनात नाव बदललं होतं तिचं. आधी ते अन्नपूर्णाच होती. अन् रोहणा माहेर."

"काल काऊन नाई सांगतलं?"

"माहेरी कोनीच नाई, मनून..."

दोघं रोहण्याला पोचले. ओट्यावर जिजाबाईच होती; पूर्वी ते तिच्या माहेरचंच घर होतं.

"माय, हे तुमचे मालक. ओळखता?" रूपरावांनी विचारलं.

तिनं रामाजींकडे नीट पाहिलं. "नाई. कोन होय हे?"

रामाजी संसाराच्या आठवणी सांगू लागले. परक्या घरची गोष्ट ऐकावी तशी ती ऐकत होती. ते जवळ सरकताच ती सुलोचनाबाईंच्या मागं लपली.

रूपराव गोंधळले. "ओळखत नाई मनते, तिले तुमच्या हाती कशी देऊ?"

"चाळीस वर्साचा संसार हाये, साहेब!"

"असंन. पन ते घाबरून राह्यली." मग ते तिच्याकडे वळले. "माय, तुमचं काय मननं हाये?"

"बाबा वावरातून आले का त्याईले इचारा. तवर थांबा."

तिचे वडील केव्हाच वारले होते. रामाजी ओट्याच्या पायरीवर बसले. "थांबतो," म्हणाले.

सुलोचनाबाईंनी तिला आपल्याजवळ ठेवून घेतलं, रामाजींना मागची खोली दिली. बाई सापडली म्हणायची की नाही, हे रूपरावांना आर्वीला पोचेपर्यंत उमगलं नाही.

महिन्याभरात रामाजींनी शिलाईची मशीन रोहण्याला आणली. जिजाबाई पुढं दोन वर्षं जगली. ती त्यांना पाहुणे म्हणायची, अदबीनं ताट वाढायची. एखाद्या सकाळी मात्र अचानक विचारायची, "आज दुकान काऊन नाई उघडलं जी?" रामाजी हातातलं टाकून धावत येत. तोवर ती पुन्हा पदर सावरून विचारी, "पाहुणे, कोन्या गावचे तुमी?"