तिसऱ्या सर्व्हरवरचा बदल

पेणला माझं दुकान, पण पोट रोह्याच्या एका कंपनीवर. तिथले तीन सर्व्हर मीच बसवले. वजनकाटा, लॅब, गेटपास, सगळी कामं त्यांच्या आत आभासी मशिनी होऊन चालतात. एक सर्व्हर बंद पडला की त्याच्या मशिनी उरलेल्या दोघांवर आपोआप चालू होतात. अट एकच, तिन्हींची सेटिंग हुबेहूब सारखी हवी. मी एक नमुना करून ठेवला होता आणि दर महिन्याला तिन्ही सर्व्हर त्याच्याशी ताडून बघायचो.

करार नवा करताना कंपनीचे कॉम्प्युटर साहेब म्हणाले, "दर महिन्याला काय बघता हो? लोखंडाची पेटी ती. तिचं काय नाक वाकडं होतंय?"

पनवेलचा एक जण माझ्या जागेवर टपलेला. घासाघीस करून मी बाकी सगळं राखलं, फक्त ती तपासणी सोडली. सौदा मारला, असंच वाटलं.

गणपतीनंतर एका दुपारी पहिला सर्व्हर बंद पडला. वजनकाट्याची मशीन तिसऱ्यावर चालू झाली, पण तिला नेटवर्कच मिळेना. तिसऱ्यावरचा नेटवर्कचा नंबर कुणीतरी हाताने बदलला होता. बाहेर ट्रकांची रांग वाढत गेली. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "पेणवाले, मूर्त्या रंगवा तुम्ही."

माझं डोकं फिरलं. सर्व्हरमधली नोंद छापून त्यांच्या टेबलावर आपटली. "हे बघा कुणी केलंय. मी नाय!"

नोंदीत लॉगिन होतं सर्व्हर सांभाळणाऱ्या ऑपरेटर बाईचं. नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून यायची, कंत्राटावर. तिचा पासवर्ड सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर कागदावर लिहून चिकटवलेला, आणि तिन्ही शिफ्ट त्यावरच काम करायच्या. साहेबांना ते माहीत होतं. मलाही.

दुसऱ्या दिवशी तिला गेटवरच अडवलं. मला बघून ती पुढे आली.

"दादा, तारीख बघितली काय तुम्ही? गौरी-विसर्जन होतं त्या दिवशी. मी गडबला, सासरी. रजेचा अर्ज हाय माझा."

तारीख मी छापतानाच बघितली होती. ती रजेवर होती हेही आठवलं होतं. तरी कागद आपटला.

"सांगा ना साहेबांना."

गेलो. साहेबांनी चहा मागवला. "तो विषय मिटला. तुमची तपासणी परत करारात घालतोय. आता तरी खूश?"

"आणि बाईचं?"

"ते कंत्राटदार बघेल."

मी सही केली. साहेबांचं ते "मूर्त्या रंगवा" अजून मला सलतं. दर महिन्याला तिन्ही सर्व्हर ताडतो, एका आकड्याचा फरक राहू देत नाही. कपाटावर तिच्या नावाचा कागद अजून तसाच आहे. नवा ऑपरेटर त्यावरच काम करतो. हे लॉगिन बंद करू या, असं मी एकदा म्हणालो.

साहेब म्हणाले, "ते तपासणीत येत नाही. करार वाचा."

वाचला. खरंच येत नाही.